नव्या माशाचा महिना

ठाकुर्लीच्या शेवंती मोरे पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या. पुढे मुलगा प्रेम कॅनडाला गेला आणि त्याचा खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा फिश टँक त्यांच्याकडे राहिला. त्या रोज पाण्यातले क्षार मोजून त्याला आकडे पाठवत.

दोन वर्षांनी तो फोनवर म्हणाला, “आई, आता टँक विकून टाक. मी काही परत येत नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नवा मासा आणला. रोग पसरू नये म्हणून तो महिनाभर वेगळा ठेवायचा होता. त्याची छोटी काचपेटी त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडली.

महिना सरला. मासा ठणठणीत होता, पण त्याला मोठ्या टँकमध्ये सोडणं त्यांच्या जिवावर आलं. “अजून आठ दिवस बघू,” असं त्याला सांगून त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं.