अमेरिकन फुटबॉलचा सातवा नियम

अमेरिकन फुटबॉलच्या अख्ख्या हंगामात आमच्या कॉलेजने एकच सामना खेळला, आणि तो माझ्या थोरल्या भावाने विरुद्ध संघाला जिंकून दिला. निदान पारनेर तालुक्यात तरी गेली पंचावन्न वर्षं असंच मानलं जातं. भावाचं नाव दगडू, घरात आण्णा, आणि गावात ‘माघारी आण्णा’. आता मी पंचाहत्तरीला टेकलोय, शुगर वाढलीय, म्हटलं जाण्याआधी खरं काय ते सांगून टाकावं. तो सामना आण्णाने घालवला नाही. मी घालवला. मैदानात पाऊलही न ठेवता!

झालं असं, की दुष्काळी कामं पाहायला एक अमेरिकन साहेब आमच्या भागात आला होता. जाताना तो कॉलेजला एक लांबट चेंडू आणि इंग्रजी नियमांचं एक पुस्तक भेट देऊन गेला. (चेंडू दिसायला कोहळ्यासारखा. टप्पा पडल्यावर कुठे जाईल, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं.) तसाच चेंडू आणि तसंच पुस्तक त्याने कोल्हारच्या बाजूच्या एका कॉलेजलाही दिलं होतं. ते कळल्यावर आमचे प्राचार्य पेटलेच.

‘‘त्यांचा संघ होतो, मग आपला का नाही? इंग्रजी कोणाला चांगलं येतं? त्याने हे पुस्तक मराठीत करायचं. त्याला खेळातून सूट!’’

‘सूट’ हा शब्द ऐकला आणि माझा हात आपोआप वर गेला. माझं वजन तेव्हा एक्केचाळीस किलो होतं. राहिलं इंग्रजी. मॅट्रिकला त्यात मी दोनदा नापास झालो होतो, आणि तिसऱ्यांदा परीक्षकाला माझी दया आली होती.

पुस्तक मी दोन दिवसांत मराठीत केलं. कॉलेजभर माझं कौतुक झालं. वेगाचं रहस्य सोपं होतं: जे समजलं ते मी लिहिलं, आणि जे समजलं नाही तिथे हुतूतूचे नियम घातले. समजलं होतं फक्त मुखपृष्ठ! त्यातला सातवा नियम मला अजून पाठ आहे. ‘चेंडू घेतलेल्या गड्याने समोरच्या गड्यास शिवून, दम न सोडता, आपल्या हद्दीत परत यावे. शिवलेला गडी बाद.’

आमची पोरं खूश झाली. अमेरिकेतही हुतूतूच खेळतात, फक्त हातात कोहळं घेऊन, याचा सगळ्यांना अभिमान वाटला. आईने जुन्या गोधड्या फाडून अकरा जणांच्या खांद्यांना गाद्या शिवल्या. डोक्याला संरक्षण म्हणून प्रत्येकाने पटका बांधला. महिनाभर आपापसांत सराव केला आणि आम्ही ट्रकमधून कोल्हारला निघालो.

आता यातली घरगुती गोम सांगतो. कोल्हारच्या तात्यांची मुलगी सुमन आण्णाला सांगून आली होती. मुलगा पळताना बघावा, म्हणून तात्या सामन्याला आले होते. आमचे वडील, बापू, त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले होते, आणि बापूंच्या मागे मी.

सामना सुरू झाला. समोरच्यांच्या मास्तरांना खरोखरच इंग्रजी येत होतं, हे आमचं पहिलं दुर्दैव. त्यांची पोरं आमच्या पोरांना धरायची, आणि आमचं धरलेलं पोर ‘बाद झालो’ म्हणून इमानदारीत मैदानाबाहेर जाऊन बसायचं! एकाचा पटका धरून ओढला, तर तो भोवऱ्यासारखा गरगर फिरला आणि तसाच फिरत बाहेर गेला. अर्ध्या तासात आमचे सात गडी बांधावर बसून शेंगा खात होते.

‘‘तुमची पोरं दमली काय ओ?’’ तात्यांनी विचारलं.

‘‘न्हाई, न्हाई. थोरला अजून हाय की,’’ बापू म्हणाले.

आणि चेंडू आण्णाच्या हातात आला. आण्णाने दम घेतला. ‘हुतूतूतूतू’ करत तो असा घुसला, की कोल्हारची पोरं पाचोळ्यासारखी उडाली. गुण मिळवून देणारी समोरची रेघ दहा पावलांवर! मध्ये कोणी नाही! बाजूला फक्त त्यांचा एक आडदांड गडी चपलेचा तुटलेला अंगठा बघत उभा होता. आण्णा वाट वाकडी करून त्याच्याकडे गेला, त्याला पाठीत हलकेच शिवला, आणि वळला.

‘‘पर ह्यो माघारी का निघाला?’’ तात्या उठून उभे राहिले.

‘‘दमाचा पक्का हाय!’’ बापू ओरडले.

एक गडी बाद झाला म्हटल्यावर बांधावर बसलेले आमचे गडी जिवंत झाले! शेंगा टाकून सगळे आत धावले आणि आण्णाच्या दोन्ही बाजूंनी नाचत पळू लागले. समोरच्यांनी तर आदबीने वाट करून दिली. आण्णाने आपल्याच रेघेपलीकडे चेंडू आपटला आणि दम सोडला. पंच झालेल्या त्यांच्या मास्तरांनी शिट्टी फुंकली. खऱ्या पुस्तकाप्रमाणे दोन गुण, कोल्हारला. सामना दोन-शून्य.

तात्या बापूंना म्हणाले, ‘‘पाव्हणं, गडी धट्टाकट्टा हाय, पर लगीन लागल्यावर वरात माघारी न्यायचा. ह्ये बारकं कोन?’’

‘‘धाकटा. इंग्रजी पुस्तक दोन दिसांत मराठीत केलं त्यानं!’’

‘‘दोन दिसांत? मंग ह्येच बरं की!’’

मी त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी चप्पल शोधत राहिलो. पुढे नोकरी लागल्यावर सुमनचं आणि माझं लग्न झालं. आण्णाचाही संसार चांगला झाला, वहिनी गुणाची मिळाली. पण ‘माघारी’ त्याच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच, आणि ते ऐकलं की मी विषय बदलायचो.

मागच्या महिन्यात कॉलेजच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या. मी धीर केला, सुमनला घेऊन आण्णाकडे गेलो. तो ओट्यावर लसूण सोलत होता.

‘‘आण्णा, सातवा नियम पुस्तकात नव्हताच. मी मनाने लिहिला होता.’’

‘‘म्हाईत हाय.’’

‘‘काय?’’

‘‘आरं, तुझ्या प्रगतिपुस्तकावर बापूची सही मीच ठोकायचो. इंग्रजीत सोळा मार्कं पडनारं पोरगं दोन दिसांत पुस्तक वाचतंय व्हय?’’

‘‘मग माघारी का पळालास?’’

‘‘गडी शिवला की पाय आपसूक वळत्यात, बाळू. त्याला नियम कशाला लागतुया?’’

माझे डोळे भरून आले. म्हणालो, ‘‘मी स्मरणिकेत सगळं लिहितो. तुझं नाव धुऊन निघेल.’’

आण्णा लसूण टाकून उठला. ‘‘खबरदार! माघारी आण्णा म्हनून स्टँडवर आजून च्या पाजत्यात लोकं. नाव धुतलंस तर खाली नुसता दगडू ऱ्हाईल!’’

मी बायकोकडे वळलो. निदान तिची तरी माफी मागावी. ‘‘सुमन, मला इंग्रजी...’’

‘‘लग्नाच्या आठव्या दिवशीच कळलं,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या मामाची इंग्रजीतून तार आली होती, सुखरूप पोचलो म्हणून. तुम्ही ती दोन मिनिटं बघितली आणि अख्ख्या घराला रडायला बसवलंत.’’

म्हणजे ज्यांच्यापासून लपवलं त्या दोघांनाही ठाऊक! राहिलं फक्त कॉलेज. आण्णा नको म्हणत असतानाही मी कबुलीजबाब चार पानांत लिहिला आणि परवा स्वतः द्यायला गेलो. स्मरणिकेचं काम पाहणाऱ्या तरुण मॅडम मला बघताच खुर्चीवरून उठल्या.

‘‘काका, बरं झालं आलात! त्या अमेरिकन साहेबांची नात समारंभाला येतेय. आभाराचं भाषण इंग्रजीतून करायला तुमच्याशिवाय कोण आहे? ते भाषांतर तुमचंच ना?’’

दहा-बारा विद्यार्थी माझ्याकडे आदराने पाहत होते. मी खिशात हात घातला. चार पानं हाताला लागली. मी ती आणखी आत सारली आणि घसा खाकरून विचारलं,

‘‘किती मिनिटं बोलायचंय?’’