बाबांचं लेथ

कारखान्यात बाबांना सगळे ‘मायक्रॉन’ म्हणायचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा एक केससुद्धा साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. बाबा टूलरूममध्ये टर्नर होते, म्हणजे फिरत्या लोखंडाला कापून आकार देणारे कारागीर. एकतीस वर्षं एकाच लेथ मशीनसमोर उभे राहिले. त्यांनी केलेला शाफ्ट, म्हणजे यंत्राचा दांडा, तपासायला कुणी आलं की ते फक्त दोन पावलं मागं सरकून हाताची घडी घालायचे. एक शब्द मात्र त्यांना मुळीच खपत नसे. ‘चालेल’. आईनं भिंतीवर खिळा ठोकला आणि ‘‘जरा तिरका आहे, पण चालेल,’’ असं म्हटलं की पाच मिनिटांत तो खिळा उपसला जायचा. आमच्या भिंतींना त्यामुळं बरीच भोकं होती.

बाबा छप्पन्न वर्षांचे असताना कारखान्यानं टूलरूम बंद केली. सुटे भाग बाहेरून आणणं सोपं पडतं, असं सांगितलं. बाबा घरी आले आणि पहिल्या पंधरा दिवसांत त्यांनी घरातला एकूण एक नळ, कडी, बिजागरी आणि कात्री दुरुस्त केली. सोळाव्या दिवशी ते आईकडे बघत बसले होते, तेव्हा ती म्हणाली, ‘‘आता माझ्या मागं लागू नका. मी बरी चालतेय.’’

मग त्यांनी मागची खोली रिकामी केली, जमीन खणून जाड काँक्रीट ओतलं आणि जुनं लेथ शोधायला लागले.

हा शोध सहा महिने चालला. भंगारवाले, बंद पडलेले वर्कशॉप, म्हाताऱ्या मेकॅनिकांची गॅरेजं. खांद्याला एक पिशवी असायची, तिच्यात टॉर्च, पोलादी पट्टी, जुन्या मोज्यात गुंडाळलेलं, बारीक फरक मोजणारं डायल गेज आणि एक लोहचुंबक. चुंबक कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘‘लोक भेगा रंगाऱ्याच्या लांबीनं बुजवतात आणि वरून रंग मारतात. लांबीला चुंबक चिकटत नाही. मशीन नवंकोरं दिसलं की मला आधी शंका येते.’’ यंत्राच्या बेडवरून, म्हणजे ज्या रुळांवर सगळं सरकतं त्यावरून, ते अंगठ्याचं नख फिरवायचे. चकाजवळ, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या फिरत्या जबड्याजवळ, नख अडखळलं की तिथं झीज आहे. मग मालकाला ‘‘बरं आहे मशीन’’ म्हणून नमस्कार करायचे आणि निघून यायचे.

शेवटी हवं तसं लेथ एका विधवा बाईंकडे मिळालं. त्यांचे यजमान पंपांचे शाफ्ट दुरुस्त करायचे. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. मशीनवर चादर होती, आणि चादरीखाली लोखंड आरशासारखं. बाई म्हणाल्या, ‘‘दर रविवारी तेल लावते मी. कुठलं लावायचं ते माहीत नव्हतं, म्हणून शिवणयंत्राचं लावलं.’’ बाबा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की आई म्हणाली, ‘‘लग्न ठरवून आलात की काय?’’

बाईंनी घर विकलं होतं, आणि ठरलेल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती खोली मोकळी करून द्यायची होती. बाबांनी क्रेन सांगितली होती, पण क्रेनवाला आला, गल्लीची रुंदी बघितली आणि आल्या पावली परत गेला. म्हणून मशीन पाइपांवर ढकलत, दारासमोरच्या उतारावरून रस्त्यापर्यंत न्यायचं ठरलं. चार माणसं होती. बाबा, टेम्पोवाला, त्याचा भाऊ आणि माझा मामा.

मामा आईचा धाकटा भाऊ. शहराच्या बसवर ड्रायव्हर. मोठ्यानं हसणारा, कुणाचं सामान हलवायचं असलं की न बोलावता हजर होणारा. त्याला त्या दिवशी सुट्टी होती. मी तिथं नव्हते, त्यामुळं पुढचं मला बाबा आणि मामा या दोघांकडून, वेगवेगळ्या वेळी कळलेलं आहे. उताराच्या मध्यावर एका कडेचं सिमेंट फुटलं होतं. पुढचा पाइप त्या खड्ड्यात बसला, नऊशे किलोचं मशीन थांबलं, आणि थांबल्या जागी त्या कडेला कललं. त्याच बाजूला मामा लाकडी पाचर धरून उभा होता. त्यानं उडी मारली. तो सुटला, डावा पाय राहिला.

पहारी लावून पाय काढायला किती वेळ लागला, हे दोघंही वेगळं सांगतात. मी इस्पितळात पोचले तेव्हा बाबा बाकावर बसले होते, आणि मामाचा रिकामा बूट त्यांच्या मांडीवर होता. दोन ऑपरेशनं झाली. पावलाचा पुढचा अर्धा भाग गेला. शुद्धीवर आल्यावर मामानं आईला विचारलं, ‘‘कुठला?’’ आई म्हणाली, ‘‘डावा.’’ तो म्हणाला, ‘‘क्लचचा.’’

मशीनला जवळजवळ काही झालं नाही. एक हँडल तुटलं, पट्ट्याचं झाकण चेपलं. त्या गडबडीत कुणी कुणाला काही कळवलं नव्हतं, आणि टेम्पोवाला शब्दाला जागणारा. तिसऱ्या दिवशी तो कुठूनशी लहान क्रेन घेऊन आला आणि आम्ही इस्पितळात असताना शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन त्यानं लेथ मागच्या खोलीत आणून नीट उभं केलं. घरी येऊन बघतो तर ते तिथं होतं. आईनं त्या खोलीचं दार ओढून कुलूप घातलं.

दहा महिने ते दार उघडलं नाही. बाबा रोज मामाकडे जायचे. त्याला ड्रेसिंगला न्यायचे, जिना चढताना खांदा द्यायचे, मामीला भाजी आणून द्यायचे. घरी मात्र ते मुके झाले. ‘‘विकून टाका हो ते,’’ आई म्हणायची. ‘‘हो,’’ बाबा म्हणायचे, आणि विषय तिथंच संपायचा.

बसवाल्यांनी मामाला आगारात बसून करायचं काम दिलं. प्रवासी विसरून गेलेल्या वस्तूंची खिडकी. ‘‘छत्र्यांचा राजा झालोय मी,’’ तो म्हणायचा. ‘‘दिवसाला वीस छत्र्या येतात, न्यायला एक माणूस येतो, आणि तोही म्हणतो की माझी याच्यापेक्षा नवी होती.’’ आम्ही हसायचो. मामी हसायची नाही. ती आईला फोनवर म्हणायची, ‘‘पहिल्यापासून वेंधळाच. समोर एवढं धूड कलतंय, ते दिसू नये माणसाला?’’ आणि मामा स्वतःही तेच सांगायचा. ज्याला त्याला म्हणायचा, ‘‘चूक माझीच. माझं लक्ष नव्हतं.’’

एका रविवारी तो काठी टेकत आला आणि थेट मागच्या खोलीशी जाऊन उभा राहिला. ‘‘भाऊजी, दार उघडा. मला हे शिकवा.’’

‘‘वेडा आहेस का?’’ आई म्हणाली.

‘‘स्टुलावर बसून करता येतं ना? मग झालं. छत्र्या मोजून मरायचं नाही मला.’’

बाबांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी नाही म्हणेन. मग त्यांनी किल्ली आणली.

आधी महिनाभर बाबांनीच मशीनचा गंज काढला, हँडल आणि झाकण नीट केलं. मग शिकवणी सुरू झाली. मामाचा हात बसचा. स्टिअरिंग फिरवावं तसं तो हँडल फिरवायचा. ‘‘अरे, वळण नाहीये पुढं,’’ बाबा ओरडायचे. ‘‘केसाएवढं सरकव, केसाएवढं.’’ ‘‘माझे केस जाड आहेत,’’ मामा म्हणायचा. पहिल्या दोन महिन्यांत त्यानं लोखंडाचा भुगाच जास्त केला. पण हळूहळू चाकाच्या मधल्या भोकात बसणारे बुश जमायला लागले, मग खिट्ट्या, मग आटे. बाबा पुन्हा जेवताना बोलायला लागले. आई दाराशी उभी राहून दोघांना चहा द्यायची, आत मात्र पाऊल टाकायची नाही.

मामाला वाचायचा नाद लागला. बाबांच्या जुन्या पुस्तकांतून चित्रं बघत बसायचा. असाच एक रविवार होता. मी चहाचे कप न्यायला दाराशी आले होते. मामा वाकून मशीनच्या पायाकडे बघत होता. तिथल्या भोकांत आता जमिनीचे बोल्ट होते.

‘‘भाऊजी, पुस्तकात एक चित्र आहे. मशीन हलवायचं असलं की याच भोकांतून खाली आडवी लाकडं आवळतात. पाया रुंद होतो, म्हणजे कलंडत नाही. बरोबर?’’

‘‘बरोबर.’’

‘‘मग आपण का नाही आवळली?’’

लाकडं नव्हती, असं बाबा म्हणू शकले असते. मामाला ते पटलं असतं. बाबांनी बटण दाबून मशीन बंद केलं, आणि चक फिरायचं थांबेपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहिले.

‘‘लाकडं होती. बोल्ट आखूड निघाले.’’

‘‘किती आखूड?’’

‘‘अर्धं बोट.’’

‘‘दुसरे मिळाले नसते?’’

‘‘दुकान अर्ध्या तासावर होतं. ऊन उतरायला लागलं होतं. बाई सारख्या दारात येऊन बघत होत्या.’’ बाबांचा आवाज अगदी सरळ होता, माप सांगावं तसा. ‘‘मी म्हटलं, चालेल.’’

मामानं हातातलं पुस्तक मिटून फळीवर ठेवलं, चिंधीनं एकेक बोट पुसलं. ‘‘दीड वर्षं मी सगळ्या गावाला सांगत फिरतोय, माझंच लक्ष नव्हतं. तुम्ही ऐकत होता. शेजारी बसून ऐकत होता.’’

‘‘हो.’’

‘‘रोज मला जिना चढवताना ऐकत होता.’’

‘‘हो.’’

त्यानं काठी घेतली आणि माझ्या बाजूनं निघून गेला. चहा तसाच राहिला.

त्याच दिवशी बाबा आईसमोर बसले आणि तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती आकांडतांडव करेल. ती एवढंच म्हणाली, ‘‘वहिनी मला फोनवर सांगायची की तुमचा भाऊ वेंधळा. आणि मी हो हो म्हणत होते. माझ्याच भावाबद्दल.’’ मग ती उठली, आपली उशी घेऊन माझ्या खोलीत आली आणि चार महिने तिथंच झोपली. स्वयंपाक करायची, वाढायची, पण त्यांना जे सांगायचं ते माझ्याकडे बघून सांगायची. ‘‘यांना विचार, डॉक्टरकडे कधी जाणार आहेत.’’ बाबा शेजारीच बसलेले असायचे.

दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच मामीकडे जाऊन आले. जिन्यावर उभं राहूनच त्यांनी तिला सांगितलं. मामीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘आता मी काय करू याचं?’’ आणि दार लावलं. बाबा हे मला पुन्हा पुन्हा सांगायचे. तिचा प्रश्न बरोबर आहे, म्हणायचे.

त्या चार महिन्यांत बाबा मागच्या खोलीत जायचे, पण मशीन चालू केल्याचा आवाज यायचा नाही. एकदा मी आत डोकावले. ते बेडवर तेल लावत होते, कोपऱ्याकोपऱ्यात, न बघता.

मग मामाचा फोन आला, माझ्या नावानं. ‘‘बाबांना विचार, रविवारी मोकळे आहेत का. एका शाळेचं वर्कशॉप बंद होतंय. लहान लेथ आहे. मला बघायला माणूस हवाय.’’

मीही गेले. बसमध्ये दोघं पुढच्या-मागच्या बाकांवर बसले. शाळेतलं मशीन हिरवं चकचकीत होतं. बाबांनी पिशवीतून टॉर्च काढला, चुंबक काढला, नख फिरवलं. ‘‘हे नको,’’ ते म्हणाले. मामानं का म्हणून विचारलं नाही. दुसरं एका गॅरेजमध्ये बघितलं. तेही नको झालं. तिसरं एका म्हाताऱ्या टर्नरच्या घरी होतं. बाबा त्याच्यासमोर तासभर उकिडवे बसले, उठताना गुडघा धरून म्हणाले, ‘‘घे.’’

न्यायचा दिवस मामानं ठरवला. लाकडं, साखळ्या, क्रेन, सगळं त्यानंच सांगितलं. बाबा पोचले आणि सवयीनं पुढं व्हायला लागले.

‘‘भाऊजी, तुम्ही रस्त्याच्या पलीकडं उभे राहा.’’

बाबा पलीकडं जाऊन उभे राहिले. मी त्यांच्याजवळ होते. मशीन हवेत उचललं गेलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की वळ उठले. मामा काठी टेकून, मशीनपासून दहा हात लांब उभा होता आणि क्रेनवाल्याला हातानं सावकाश, अजून सावकाश, अशा खुणा करत होता.

याला आता तीन वर्षं होतील. मामानं छत्र्यांची खिडकी सोडली. त्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत तो चाकाच्या खुर्च्यांचे आणि हातगाड्यांचे बुश करतो. काम भरपूर असतं. आईची उशी तिच्या जागी परत गेली, कधी ते मलाही नेमकं सांगता येणार नाही. मामी बाबांशी बोलत नाही. बाबा आलेत असं कळलं की ती चहा करते, पण कप मामाच्या हाती देते. मामानं माफ केलं असं कधी म्हटलं नाही, आणि बाबांनी विचारलं नाही.

बाबा दर मंगळवारी त्याच्याकडे जातात. मागच्या मंगळवारी मी सोबत होते. मामा एक शाफ्ट कापत होता आणि कापणारं टूल करकरत होतं. बाबांना ते ऐकवेना. त्यांचा हात हँडलकडे गेला.

‘‘भाऊजी, हे मशीन माझं आहे.’’

आवाज वर चढला नव्हता. बाबांनी हात मागं घेतला, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि ते बघत उभे राहिले. थोड्या वेळानं मामानं मशीन थांबवलं, टूल काढलं, धार लावायला घेतली आणि पाठमोराच म्हणाला, ‘‘किती अंशात लावू?’’