‘हे’ आले आहेत

सिल्व्हिया भिंगारदिवेच्या फोनची पाठ फुगली, तेव्हा तिनं आधी त्याला रबर लावून बघितलं. ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा फोन म्हणजे तिचं दुकानच. गळ्यांचे फोटो, बाह्यांचे नमुने, रविवारच्या उपासनेची गाणी, सगळं त्याच्यातच. नाताळाला लेक मरिया पुण्याहून आली. तिनं तो रबर लावलेला फोन पाहिला आणि दोन बोटांत धरून थेट अंगणात नेऊन ठेवला.

"आई, हा फुटला तर मशीनसकट जळशील. माझा जुना आयफोन आणलाय तुझ्यासाठी. आता हाच वापरायचा."

दुपारभर मायलेकी ओसरीवर बसून एका फोनमधला संसार दुसऱ्यात हलवत होत्या. बायबल मिळालं, पण अक्षर बारीक. बोललेलं मराठीत लिहिणारा जुना कीबोर्ड या फोनवर मिळेना. दुसरा घातला, तर ‘अस्तर’ म्हटलं की तो ‘उत्तर’ लिहायचा. नमुन्यांचे फोटो आले, पण उलटसुलट, लग्नसराईतले ब्लाउज शाळेच्या गणवेशात मिसळून.

"आणि मागं जायचं बटण कुठंय?"

"याला नसतं. कडेनं बोट सरकवायचं, असं."

सिल्व्हियानं सरकवलं. दर वेळी भलतंच काहीतरी उघडायचं. चर्चच्या मंडळीतल्या बायकांचा गट नुकताच एका निळ्या ॲपवर गेला होता. तेही मरियानं घालून दिलं, आणि सुट्टी संपल्यावर ती पुण्याला गेली.

त्यानंतरच्या एका दुपारी सिल्व्हिया हुक लावत बसली होती. फोन टिंग वाजला. पडद्यावर वर त्या निळ्या ॲपची एक पट्टी आली:

‘हे’ आले आहेत. त्यांना नमस्कार करा!

सिल्व्हिया उठली. दोरीवरचा टॉवेल ओढला, साबणाची वडी घेतली आणि मागच्या दाराच्या नळाशी जाऊन उभी राहिली. टॉवेल हातात धरून उभी राहिल्यावर मग तिला कळलं, आपण काय करतोय ते.

‘हे’ म्हणजे आमोस. तिचा नवरा. लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती, तर फोनमध्ये तरी नाव कसं घालणार? नंबर ‘हे’ म्हणूनच ठेवला होता. आणि आमोस मागच्या फेब्रुवारीत वारला होता.

आमोस दूधसंघात बॉयलरवर होता, पण संगमनेर तालुक्यात त्याला ओळखायचे ते साप धरणारा म्हणून. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या माळ्यावर साप निघाला की आमोसला फोन. पार अकोले तालुक्यातल्या भाताच्या खाचरांतून त्याला बोलावणी यायची. कितीतरी गावांनी वेशीवरच्या भिंतीवर त्याचा नंबर रंगवला होता. ‘साप मारू नका, आमोसला बोलवा.’ सिल्व्हियाला सापाची शिसारी होती. तो परत आला की ती आधी नळावर साबण-टॉवेल ठेवायची, हातपाय धुतल्याशिवाय त्याला घरात घ्यायची नाही. कसा धरला, केवढा होता, हे तिनं कधी ऐकून घेतलं नाही. तो सांगायला लागला की ती मशीन सुरू करायची.

तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, साप चावला. तसं काही नव्हतं. मोटारसायकल दुरुस्तीला टाकून गॅरेजच्या बाकावर बसला होता. मेकॅनिकनं चहा पुढं केला, तर त्यानं तो घेतलाच नाही.

त्याचा फोन मग तिच्याकडं आला, आणि तो वाजतच राहिला. "ते गेले," असं ती सांगायची. समोरचा माणूस हळहळायचा, चार शब्द बोलायचा, आणि शेवटी विचारायचा, "मग आता साप कोण धरील?" पावसाळ्यात तर साप फार. एकाच दिवसात पाच-सहा वेळा नवरा मेल्याचं सांगावं लागायचं. शेवटी तिनं तो फोन बंद करून कपाटात टाकला. रिचार्ज संपला, नंबर गेला. आणि आता हे आले होते.

नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला असणार, हे तिला समजत नव्हतं असं नाही. मरियाला विचारलं असतं तर तिनं लगेच सांगितलं असतं. म्हणूनच तिनं विचारलं नाही.

तिनं ते पान उघडलं. फोटो नव्हता, राखाडी गोलात नुसता ‘ह’. मधूनच त्याच्याखाली हिरव्या अक्षरांत ‘ऑनलाइन’ यायचं. हे जागे आहेत. हे आत्ता फोन हातात धरून कुठंतरी बसले आहेत. दिवसभर काही हालचाल नसायची, दिवेलागणीला हे पुन्हा यायचे. हळूहळू तिच्या स्वयंपाकाची वेळ त्याच्यावर ठरायला लागली. हिरवं अक्षर दिसलं की ती तवा ठेवायची. एकदा तिनं ‘जेवलात का’ एवढं लिहिलं, आणि पुसून टाकलं. एकदा दोन दिवस ते आलेच नाहीत, तर हातातला ब्लाउज तिनं उलटाच शिवला. नळाशी साबणाची वडी तशीच असायची. ती आत आणायचं तिच्या जिवावर यायचं.

त्या पानाच्या मधोमध ॲपनंच एक हलणारा हात ठेवला होता, नमस्काराचा. एका संध्याकाळी ती मागं जायला कडेनं बोट सरकवायला गेली, आणि बोट पडलं नेमकं त्या हातावर. हात गेला. तिनं परत आणायला काय काय दाबलं. आणखी एक हात गेला.

मग खालून आवाजाची एक पट्टी वर आली. ह्यांनी बोलून पाठवलं होतं.

सिल्व्हियानं फोन मशीनवर ठेवला. ओसरीला एक फेरी मारून आली. मग पदरानं बोट पुसून पट्टी दाबली.

"कोन हाय? साप निघाला आसंल तर मी साप धरत न्हाई. त्यो मानूस वारलाय म्हनं. आन् नजर ठिवा त्याच्यावं, मारू नका. वाट द्या, पाव्हना हाय, जाईल."

बाईचा आवाज होता. पण "वाट द्या, पाहुणा आहे, जाईल," हे आमोसचं होतं. फोनवर लोकांना धीर देताना तो हेच म्हणायचा, शब्दन् शब्द. सिल्व्हिया ते मशीनच्या आवाजातूनही ऐकायची. तिनं ती पट्टी पुन्हा लावली, आणि पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी तिनं सरळ फोनच केला.

"मी त्या साप धरणाऱ्यांची मालकीण बोलते," ती म्हणाली.

पलीकडून ती बाई म्हणाली, "आवं ताई, लई भ्या वाटलं मला तुमच्या मान्साचं."

तिचं नाव मनकर्णा. खर्ड्याजवळची. नवरा बिभीषण आणि ती, दोघं ऊसतोडीला अकोल्याच्या रस्त्याला उतरले होते. येताना नवं सिमकार्ड घेतलं; सिनेमे बघायला ते निळं ॲप मात्र चुलतभावानं अलीकडंच टाकून दिलं. पण फोन उसाच्या पाचटाची झोपडीवजा कोपी बांधायच्या आतच यायला लागले होते: साप निघालाय, लवकर या.

"आधी वाटलं, कुनी करनी केली. आमी पाचटात झोपनारी मान्सं, आन् दिस उगवला की साप, साप. बिभीषण म्हनला, फेकून दे कार्ड. पन मुकादमाला त्योच नंबर दिल्याला, पोरीच्या शाळंतबी त्योच."

"मग लोकांना तू सांगतेस ते, वाट द्या म्हणून? ते कुणी शिकवलं?"

"लोकांनीच की. मी म्हनायची, ते न्हाईत. तर लोक म्हनायचे, आमोसभाऊ आसं सांगायचे, तसं सांगायचे. मंग मी त्येच सांगती. एक म्हातारं हाय अकोल्याकडचं, हनुमंतबाबा. त्येला साप न्हाई का काय न्हाई. आमोस हाय का, इचारतंय. न्हाई म्हनलं तर, बरं, आला की सांग, म्हनतंय. आता मीबी म्हनती, सांगते."

त्यानंतर दोघी बोलायला लागल्या. मनकर्णाचा फोन आला की पडद्यावर ‘हे’ यायचं, आणि सिल्व्हिया आधी पदर सारखा करायची, मग फोन उचलायची. नाव बदलायचं तिनं दोनदा मनावर घेतलं. पण बोट त्या ‘हे’वर गेलं की थांबायचं.

मार्चच्या सुरुवातीला, भर दुपारी ‘हे’ आले. मनकर्णाचा आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, माझ्याच कोपीत निघालाय. नाग हाय. पोरगी आत निजल्याली."

सिल्व्हियाला सापाचं काही येत नव्हतं. आमोस दारातून बाहेर पडायचा तिथपर्यंतचंच तिला माहीत. पण बाहेर पडता पडता तो फोनवर काय बोलायचा, ते तिच्या कानात होतं, आणि तेच तिच्या तोंडून यायला लागलं.

"साप कुठंय? पोरीच्या आणि दाराच्या मधे आहे का?"

"न्हाई. चुलीकडच्या कुडाला."

"मग पळू नको. पाय आपटू नको. हळू जा, पोरीला उचल आणि तशीच मागं ये. कुणाला काठी घेऊन येऊ देऊ नको."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पोरीचं रडणं ऐकू आलं, मोकळ्या हवेतलं.

"आता लांब उभी राहा, नजर ठेव," सिल्व्हिया म्हणाली. तिनं रामहरीला फोन केला. तो आमोसच्या हाताखाली बॉयलरवर होता, आणि साप धरणंही त्याच्याकडूनच शिकला होता. ‘मग साप कोण धरील’ विचारणाऱ्यांना त्याचं नाव सांगायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. तो निघाला. सिल्व्हियाही निघाली. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. अंगावरच्या साडीतच ती अकोल्याच्या जीपमध्ये बसली.

ती पोचली तेव्हा रामहरीनं नाग बरणीत घातला होता आणि झाकणाची भोकं तपासत होता. आयुष्यात पहिल्यांदा सिल्व्हियानं जवळ जाऊन साप बघितला. शिसारी आली नाही. नाग बरणीच्या काचेला तोंड लावून शांत पडला होता.

रामहरी त्याला सोडायला गेला. मनकर्णानं पोतं अंथरलं, पाणी दिलं. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच बघत होत्या. मनकर्णा सिल्व्हियाच्या निम्म्या वयाची होती.

"फोटू हाय का त्यांचा?"

सिल्व्हियानं फोन काढला. नमुन्यांतून शोधून शोधून आमोसचा फोटो उघडला. मनकर्णा वाकून बघत राहिली.

"आवाज कसा हुता?"

सिल्व्हिया सांगायला गेली. त्याचे शब्द सगळे ध्यानात होते, आवाज नव्हता. आता आठवायला गेलं की मनकर्णाचाच ऐकू यायचा.

"हळू बोलायचे," ती शेवटी म्हणाली.

तेवढ्यात मनकर्णाचा फोन वाजला. तिच्या मांडीवर पोरगी होती. "घ्या तुमीच," ती म्हणाली. सिल्व्हियानं तो फोन कानाला लावला.

"आमोसभाऊ?" पलीकडून एक माणूस घाईघाईनं म्हणाला.

ते गेले, असं सांगायला तिनं श्वास घेतला.

"हे बाहेर गेलेत," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, कुठं निघालाय?"

मनकर्णानं तिच्याकडं बघितलं आणि नजर पोरीकडं वळवली. सिल्व्हियानं त्या माणसाचं गाव विचारलं, रामहरीचा नंबर दिला, फोन ठेवला.

महिनाअखेरीस ऊसतोडीची टोळी खर्ड्याकडं परत गेली. नंबर मनकर्णाकडंच राहिला. संगमनेर-अकोल्यातून साप निघाल्याचा फोन अजून तिला जातो, आणि ती तिकडून सिल्व्हियाला कळवते. मग सिल्व्हिया रामहरीला पाठवते. हनुमंतबाबाचा फोन मात्र मनकर्णा तिकडंच घेते. तो विचारतो, आमोस आला का. ती म्हणते, यायचेत.