साडभाऊने घासाघीस सोडली

माझ्या साडूने मला फसवले, हे आधीच सांगून टाकतो. लोकांना वाटते की घोडीच्या सौद्यात फसवले. तसे अजिबात नाही. त्या सौद्यात त्याने घोडीचे वय, खोड, स्वभाव सगळे खरे सांगितले होते, आणि त्या प्रत्येक खऱ्या गोष्टीवर बोट ठेवून मी भाव पाडला होता. फसवणूक झाली ती नंतर. घोडीवरून पडून मी खाटेला खिळलो आणि या माणसाने माझ्याशी घासाघीस करणेच बंद केले. ज्याच्याशी भांडून भाव करावा असा अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात मला एकच माणूस मिळाला होता, आणि तोही गेला.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. मी गोंदियात जुन्या बारदान्याचा धंदा करतो. फाटकी पोती घ्यायची, शिवायची आणि राइस मिलला विकायची. तो कामठ्याला राहतो, धान पिकवतो, बैलांची दलाली करतो आणि वरातीसाठी एक घोडी बाळगून होता. मी त्याला साडभाऊ म्हणतो, तोही मला साडभाऊ म्हणतो. एवढ्या एका बाबतीत आमच्यात कधी घासाघीस झालेली नाही.

साडभाऊला किती वाजले असे विचारले तर तो आधी "तुमाले कुठं जायचं हाये?" असे विचारतो आणि समोरच्याची घाई पाहून वेळ सांगतो. बसमध्ये जागा नसली तर उभ्याने जाण्याबद्दल कंडक्टरकडे तिकिटात सूट मागतो, आणि जागा मिळाली तर ती चाकावरची आहे म्हणून मागतो. स्वतःच्या लग्नात ऊन फार आहे म्हणून त्याने भटजींना मंगलाष्टके कमी करायला लावली आणि ती कमी झाल्यावर दक्षिणाही त्याच मापाने कमी करायला बसला. भटजी रागाने मांडवातून निघून गेले. त्यांना परत आणायला आमचे सासरे अनवाणी धावले. जेवतानाही तेच. आणखी पोळी नको म्हणून हा ताटावरून उठतो, दारापर्यंत जातो, तिथे थांबून मागे पाहतो, आणि वाढणारीने पुन्हा हाक मारली की "आता तुमी येवढं म्हनून राहिले तर," असे म्हणत पुन्हा मांडी घालतो. ही सगळी सवय बैलबाजारातली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बघ्यांना पत्ता लागत नाही. साडभाऊच्या अंगात हे इतके मुरले आहे की मोबाइलवर बोलतानाही डावा हात दुपट्ट्याखाली घेऊन तो स्वतःचीच बोटे दाबत असतो, आणि पलीकडच्याला भाव कळला नाही तर त्यालाच बहिरा ठरवतो.

अशा माणसाशी माझे जमले नसते तरच नवल. मी हमाली करून वर आलो. सांगितला तो भाव आयुष्यात कधी दिला नाही, आणि मी दिलेला भाव ज्याने निमूट घेतला त्याला मी माणसांत धरले नाही. दिवाळीला आम्ही दोघे जावई सासुरवाडीला गेलो की आंघोळीला आधी कोणी जायचे इथूनच सुरुवात व्हायची. एकदा सासूबाईंच्या लोणच्याच्या एका बरणीवरून आम्ही सकाळी सुरू झालो ते पार दुपारच्या जेवणापर्यंत. शेवटी वैतागून सासूबाईंनी ती बरणी शेजारणीला देऊन टाकली. दोघांचेही नुकसान झाले, पण सौदा काय रंगला होता! निघताना साडभाऊ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुमच्यासारखा चिवट मानूस नाही पाहिला जी." मला आजवर कोणी दिलेले प्रशस्तिपत्र हे एवढेच.

हल्ली नवरदेव मोटारीतून येतात. साडभाऊची घोडी नुसती उभी राहून खात होती, म्हणून त्याने ती विकायला काढली. मला घोडी नको होती. मला साडभाऊचा पडलेला चेहरा हवा होता. सकाळीच जाऊन बसलो. तो म्हणाला, घोडी शांत आहे. मी म्हणालो, शांत म्हणजे म्हातारी. तो म्हणाला, "बाजा वाजला का मांगच्या दोन पायांवर उभी राहून नाचते जी, लोक पाहत राह्यतात." मी म्हणालो, मला काय नाचणारी घोडी करायची आहे? ही खोड आहे, खोडीचे कमी करा. जेवण झाले, चहा झाला, दोनदा तो उठून गेला, तीनदा मी उठून गेलो, आणि दिवस मावळायला आला तेव्हा सौदा माझ्या मनासारखा जुळला. जिंकलेली वस्तू टेम्पोत घालून नेणे मला कमीपणाचे वाटले. मी वर बसलो. साडभाऊ वेशीपर्यंत पोचवायला सायकलवर मागून निघाला.

नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पुलाजवळ एक वरात निघायच्या बेतात होती. बँडवाल्याने पहिला सूर काढला मात्र, घोडीने आपली ड्यूटी ओळखली आणि पुढचे दोन्ही पाय वर उचलले. वऱ्हाडी खूश झाले, कोणीतरी माझ्यावरून नोटही ओवाळली म्हणतात. मी मागच्या मागे पुलाच्या कठड्यावर आदळलो, आणि घोडी नाच आटोपून माझ्या मांडीवर उतरली. मांडीचे हाड, कमरेचे हाड, डाव्या अंगाच्या बरगड्या. मी पडल्यावर त्या माणसाने नोट परत खिशात घातली असे मला पुढे कळले, आणि त्याच्याबद्दल आदर वाटला. साडभाऊने सायकल फेकून दिली आणि ओरडत धावत आला, एवढे मला आठवते. पुढचे आठवते ते नागपूरच्या दवाखान्यातले.

मी वाचेन की नाही हे तिथे कोणी धड सांगत नव्हते. मांडीत सळई घातली होती आणि श्वास घेतला की बरगड्यांत सुरी फिरायची. साडभाऊ उशाशी बसला होता. आपल्यात अजून काही शिल्लक आहे का, हे पाहावे म्हणून मी म्हणालो, "साडभाऊ, तुमची ती काळी म्हैस विकता काय?" आणि असा भाव सांगितला की एरवी त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्याने दुपट्ट्याने डोळे पुसले.

"घेऊन जा ना जी. तुमच्यापेक्षा म्हैस मोठी हाये का?"

"अहो, शेळीचा भाव सांगून राहिलो मी!"

"मंग शेळी पन घेऊन जा."

डॉक्टर कागदावर काय लिहितात ते मला कळत नाही. पण साडभाऊने पहिल्याच बोलीला मान डोलावली, त्याचा अर्थ मला कळतो. मी चाललो, हे मला तिथे कळले.

मी मेलो नाही, घरी आलो. साडभाऊ रोज कामठ्याहून यायचा. मला कुशीवर वळवायचा, तेल चोळायचा, भांडे धरायचा. ते मी सहन केले. पण एक दिवस तो बोदलकसाच्या तलावातली ताजी मासोळी घेऊन आला. भाव विचारला, तर म्हणतो, "सांगितला तो देऊन टाकला जी. तुमच्यासाठी आनली, तिथं काय भांडत बसू?" सांगितला तो भाव! माझ्या नावाने! मी पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. बायको आतून धावत आली आणि माझ्यावरच उखडली, "देवमानूस झाले भाऊजी. येवढे बदलले. तुमीच नाही बदलत." सगळे नातेवाईक हेच म्हणू लागले. आजाऱ्याच्या घरी येऊन आजाऱ्यासमोर दुसऱ्याचीच प्रकृती सुधारल्याचे कौतुक करायचे!

हाडे डॉक्टरांनी जोडली, पण मला उठवले ते पायाचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या एका तरुण मॅडमने. ती सांगायची तितक्या वेळा पाय उचलायला मी साफ नकार द्यायचो आणि निम्म्यावर यायचो. ती म्हणायची, "अंकल, आधे में आधा ही पैर ठीक होगा. चुपचाप उठाओ." मग मी थोडा वर चढायचो, ती थोडी खाली उतरायची, मध्ये दोनदा बॅग उचलून जायला निघायची. ती गेल्यावर मला भूक लागायची. त्या घरात मला जिवंत धरणारी ती एकटीच होती.

काठी टेकत चालायला लागलो तेव्हा देवळात जावे असे घरच्यांचे मत पडले. मी बस धरून सडक अर्जुनीकडच्या बैलबाजारात गेलो. साडभाऊ पाठमोरा उभा होता आणि एका गिऱ्हाइकावर तोंड सोडत होता, "काऊन बे, मले येडा समजून राहिला का? ह्या भावात त कासरा पन नाही भेटत!" तो तरातरा निघून गेला, पानठेल्यापर्यंत जाऊन थांबला, मागे पाहिले, परत आला. माझे डोळे भरून आले. म्हणजे हा माणूस मुळीच सुधारला नव्हता. तो फक्त माझ्यापुरता मेला होता.

ते गिऱ्हाईक हलल्यावर मी मागून जाऊन त्याच्या दुपट्ट्याखाली हात घातला. त्याने न पाहताच माझी बोटे करकचून धरली आणि बैलजोडीचा भाव दाबला. मी निम्मा दाबला. "कोन हाये बे हा..." म्हणत तो वळला आणि त्याला माझी काठी दिसली. पकड सुटली. ताप आलेल्या माणसाचा हात धरावा तशी त्याने माझी बोटे धरून ठेवली आणि म्हणाला, "घेऊन जा जी जोडी."

"कुठं नेऊ?" मी ओरडलो. "शेत नाही, गोठा नाही, पोत्यांवर बांधू का बैल? भांडा ना! काऊन नाही भांडत माझ्याशी?"

आजूबाजूचे लोक जमले. साडभाऊ मान खाली घालून पुटपुटला, "त्या दिवशी मी येवढा भांडलो नसतो, त तुमी उजेडी घरी पोचले असते, साडभाऊ. तवा बाजा सुरू नव्हता झाला."

इतके दिवस हा हिशेब डोक्यात घेऊन हा माणूस मला तेल चोळत होता. मग मी म्हणालो, "तो दिवस तुमच्या एकट्याचा होता काय? तुम्ही दोनदा उठून गेला असाल, मी तीनदा उठून गेलो. निम्मी चूक माझी. टाका इकडे."

"नाही जी. समदी माझीच."

"बरं, चार आणे तरी द्या."

"येक पैसा नाही देत," साडभाऊ म्हणाला, आणि दुपट्टा झटकून बैलांकडे निघून गेला. मी वाट पाहिली. तो पानठेल्याच्याही पुढे गेला. मागे वळून पाहिले नाही.

तेव्हापासून मी जेव्हा भेटेन तेव्हा हाच विषय काढतो. बाकी काहीही मागा, तो हसून देऊन टाकतो. यातले मात्र रतीभरही सोडत नाही. त्याच्या केसांत माझ्या आजारपणात पांढरे फार वाढले. बायको म्हणते, आता पुरे करा. मी पुरे करणार नाही. दोघांनी मिळून केलेल्या सौद्यात नुकसान झाले तर ते दोघांचे. माझ्या वाट्याचे ओझे मला न विचारता एकट्याने घरी नेण्याचा हक्क या माणसाला कोणी दिला, हे त्याने मला समोर बसून सांगावे. आणि त्याला देवमाणूस म्हणणाऱ्या सगळ्यांनीही सांगावे.