मुखवट्याची पिशवी

धायरीच्या समाधान ओव्हाळांचं कॅम्पात काहीतरी आहे, हे सोसायटीला त्यांच्या बायकोच्या आधी माहीत होतं. भूमापन कार्यालयातला हा नाकासमोर चालणारा कारकून दर गुरुवारी संध्याकाळी इस्त्रीचा सदरा चढवून, पिशवी काखोटीला मारून निघायचा. बायकोने, सुंदराबाईंनी, एकदा ती पिशवी उघडली, तर आत काळा झगा आणि काळा मुखवटा. बाई असती तर भांडता तरी आलं असतं. मुखवट्याशी काय भांडणार? त्यांनी गाठ होती तशी मारली आणि विचारलं नाही. चाळीस वर्षं.

भानगड म्हणावी तर एवढीच: येशूचं नाव घेऊन, मेणबत्त्या लावून मौनात बसणारं एक गुप्त मंडळ. समाधानराव बौद्धच राहिले, घरची वंदना कधी चुकली नाही. पण तिथे सगळे मुखवट्याआड. आडनाव कोणी विचारत नसे. आडनाव ऐकून चेहरे बदलताना पाहिलेल्या माणसाला तेवढं पुरलं. दीक्षेच्या दिवशी कोणीतरी डोक्यावर हात ठेवून कानात एक वाक्य सांगितलं. ते पुढे एकाला तरी द्यायचं, पण त्याने आपणहून तीनदा विचारल्यावरच. आणि विचारावं लागतं, हे सांगायचं नाही.

मंडळी एकेक करून गेली. उरले समाधानराव, तेही खाटेला खिळलेले. झगे शिवणारे सिराजभाई भेटायला आले, तेव्हा समाधानरावांनी खडा टाकून पाहिला.

"इतके झगे शिवलेत, आत काय चालतं असं कधी वाटलं नाही?"

"मापं घेतलीत ना साहेब. पोटं बघून उपासतापास नव्हते, एवढं कळलं. बास."

सिराजभाई गेल्यावर सुंदराबाई पेज भरवायला बसल्या. समाधानरावांचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटताय?"

एक.

"अहो, काय म्हणताय? नीट सांगा की."

दोन. त्यांनी हात उचलून बायकोच्या डोक्यावर ठेवला. वाक्य जिभेवर आलं होतं. सांगून टाकावं, असं मनात आलंच. पण मंडळाच्या त्या खोलीत त्यांना नुसता माणूस म्हणून घेतलं होतं, ते याच नियमांनी.

सुंदराबाईंनी त्यांचं तोंड पदराने पुसलं.

"राहू द्या. चाळीस वर्षं नाही विचारलं, आता कशाला दमवू तुम्हाला?"

हात घसरला. सुंदराबाईंनी तो चादरीखाली नीट ठेवला आणि चमचा पुढे केला. पेजेच्या त्या घोटाबरोबर समाधानरावांनी वाक्य गिळलं.