एकाच दांड्याच्या दोन काठ्या

कातारीणबाईनं फितीवर मंत्र लिहून सख्ख्या बहिणीला संपवलं, अशी कुजबुज गल्लीत बरीच वर्षं चालली. बायका ती अगदी दबक्या आवाजात सांगत, म्हणजे पलीकडच्या गल्लीपर्यंतच ऐकू जाई.

बाई चरकावर लाकूड फिरवून खाटांचे पाय, पाळण्यांचे दांडे कातायच्या. धंदा वडिलांचा. वडील भारी गप्पिष्ट. फार जुन्या काळी सेनापती निरोप कसे लपवत, हे त्यांनीच दोघी मुलींना शिकवलं. काठीला फीत तिरकी गुंडाळायची, तिच्यावर आडवं लिहायचं, मग फीत सोडवायची. अक्षरं सैरावैरा! तेवढ्याच जाडीची काठी जवळ असेल त्यालाच ती पुन्हा जुळवता येतात. त्यांनी एक दांडा कातला, मधोमध कापला आणि दोघींना वाटून दिला.

"आईला दाखवू नका. लिहाल तिच्याबद्दलच."

थोरली सासरी गेली आणि खेळ कामाला आला. सासू तिचं प्रत्येक पत्र आधी स्वतः वाचायची. गाठोड्याला बांधलेल्या फितीकडे मात्र काणाडोळा.

"ही कसली अक्षरं गं?"

"धोब्याच्या खुणा, आई."

मग सासूचं घोरणं, सासूच्या बहिणीचं लफडं, सगळं धोब्याच्या खुणांवरून माहेरी पोचायचं. बाई वाचून हसून लोळायच्या.

बाईंना एक खोड होती. डागाळलेलं लाकूड त्यांना बघवत नसे. शाईनं काठी काळी पडली होती, चरक रिकामा होता. त्यांनी ती चढवली, वरचा पापुद्रा काढला, घासून लख्ख केली.

पुढची फीत आली, ती काही केल्या जुळेना.

"बघा, ताईसाहेबांना आता नीट गुंडाळायचाही कंटाळा!" बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"जाऊन ये की एकदा."

"कशाला? पुन्हा लिहायला लावते शहाणीला."

आणि त्याच लख्ख काठीवर लिहून धाडलं, 'आळशे, नीट लिही.' तिकडे तेही कुणाला वाचता आलं नसणार.

उत्तर आलं नाही. माणूस आला. म्हणाला, ताई तापानं गेली.

सासरच्यांनी तिचं सामान परत केलं. चार कपडे, कंगवा, शाईनं काळी झालेली काठी. बाईंनी दोन्ही काठ्या शेजारी धरल्या. कातारणीच्या बोटांना मोजपट्टी लागत नाही. त्यांची काठी बारीक भरली. मग ती न जुळलेली फीत काढून ताईच्या काठीला गुंडाळली. अक्षरं मुकाट ओळीत आली.

'ताप उतरत नाही. डॉक्टरकडे नेत नाहीत. मला न्यायला ये.'

त्यानंतर बाई चरकापाशी बसून ती फीत गुंडाळायच्या, सोडवायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. ओठ हलायचे. खिडकीतून बायकांनी पाहिलं ते एवढंच.

मंत्र कसलाच नव्हता. बाईंनी काठी घासली होती, म्हणून बहिणीचा निरोप वाचता आला नाही.