बारा गुणांची सरासरी

माझ्या बहिणीला जिल्ह्याच्या संघातून मी वगळलं. यादी निवड समितीने केली, पण समितीपुढे सरासरीचा कागद मी ठेवला होता.

तेव्हा मी बास्केटबॉलच्या सामन्यांत गुण लिहायला बसायचो. धाकटी बहीण नारायण पेठेतल्या आमच्या क्लबकडून खेळायची. दर रविवारी ती स्कूटरवर माझ्या मागे, बॉल दोघांच्या मध्ये दाबून धरलेला. परतताना तिचा प्रश्न ठरलेला, "दादा, आज कशी खेळले?" मी मुद्दाम एखादी चूक काढायचो.

त्यांच्या संघात जेमतेम सहा मुली. म्हणून त्या दम राखून, सावकाश खेळायच्या. जिल्ह्याच्या संघातल्या शेवटच्या जागेसाठी बहिणीची तुलना झाली ती एका धावत्या संघातल्या मुलीशी. दोघीही पूर्ण वेळ खेळणाऱ्या. त्या मुलीचे सामन्याला सोळा गुण, बहिणीचे बारा. समितीतले एक सर म्हणाले, "तुम्ही दोघींना कायम बघता, तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "सर, आकडे समोर आहेत."

घरच्या माणसाची शिफारस केली नाही, याचा मला अभिमानही वाटला होता.

ती भांडली नाही. पुढच्या रविवारी बॉल पलंगाखाली गेला आणि तो प्रश्न पुन्हा कधी आला नाही. आज ती कोथरूडला, मी पेठेतच. सणावारी भेटतो, तब्येतीचं बोलतो. स्कूटर चालवताना मात्र पाठीला टोचणारा तो बॉल मला अजून हवासा वाटतो.

गेल्या महिन्यात कुठेतरी वाचलं की खेळाडूंची तुलना सामन्यामागे करू नये, संघाकडे बॉल किती वेळा आला ते धरून करावी. मी जुनी वही काढली. बॉल ताब्यात आला की समासात टिंब द्यायची मला सवय होती. दोन संध्याकाळी ती टिंबं मोजत बसलो. धावत्या संघाकडे बॉल सामन्यात साधारण ऐंशी वेळा आलेला, बहिणीच्या संघाकडे पन्नास. शंभर वेळांमागे त्या मुलीचे वीस गुण, बहिणीचे चोवीस.

वही घेऊन कोथरूडला गेलो. चष्मा लावून तिने ते पान शेवटपर्यंत वाचलं.

"एका भागाकाराला अठ्ठावीस वर्षं लागली?"

"भागाकार आत्ता केला. पण तू सरस आहेस हे मला तेव्हाही दिसत होतं. बहिणीची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये, म्हणून गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ कर."